चिंचोके

बूट सापडले माळ्यावर,
आकाशकंदिलाच्या खोक्यामागे.
एकाच्या आत पालीची दोन अंडी, वाळून खडखडीत.
घेतले तेव्हा लेक तिसरीत होती.
आता तीच खालून टॉर्च धरून विचारते,
"आई, हे तू खरंच घालायचीस?"

पहाटे सव्वापाच. गोल्फ क्लबचं मैदान.
इथे गोल्फ खेळताना मी जन्मात कुणाला पाहिलं नाही.
पेपरात निफाडचा पारा सहावर,
म्हणजे आपल्याकडे आठ-नऊ तरी, असा हिशोब करत
कानटोपी, मफलर, वरून नवऱ्याचं जर्किन.
पहिल्याच फेरीत असा दम लागला
की एक कुत्रं थांबून माझ्याकडे बघत राहिलं.

शाळेत मी खो-खोत होते.
खांबावरून सूर मारायचे,
कोपरापासून हनुवटीपर्यंत माती.
गुडघ्याला हे सांगून पाहिलं.
गुडघा म्हणाला, आपण कोण?

सातपूरला आमच्या कारखान्यात
सत्तेचाळीस मशीनांची देखभालीची पत्रकं माझ्या टेबलावरून जातात.
कुठलं कधी उघडायचं, कुणाचं तेल बदलायचं,
बेअरिंग कुरकुरलं तर किती तासांत थांबवायचं.
खाली सही माझी.
स्वतःला मात्र बारा वर्षं बंद पडेपर्यंत चालवलं,
आणि बंद पडले तेव्हाही
शिफ्ट संपवूनच दवाखान्यात गेले.
धात्रक डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"गोळी लिहू, की चालाल?"
मी म्हणाले, चालेन.
त्यांना ऐकू आलं, चालेल.
गोळी लिहिली.

निकुंभकाका फेऱ्या चिंचोक्यांनी मोजतात.
डाव्या खिशात आठ घेऊन येतात,
फेरी झाली की एक उजव्यात.
"मोबाइल मोजतो की हो," मी म्हणाले.
"मोजतो. पण हातात काही देत नाही."
त्यांच्या मागून येणारा कंपू
चालून झालं की थेट मिसळीवर जातो, तर्री जास्त.
काका त्यांना हात करतात आणि सहावा चिंचोका हलवतात.

नऊ दिवस नीट गेले.
मग ऑडिट आलं, पुण्याहून दोघं.
तीन नंबरचं प्रेस नेमकं त्याच दिवशी बसलं,
गांगुर्डे रजेवर, मेव्हण्याची हळद,
रात्री साडेदहाला त्र्यंबक रोडवर
गाडी चालवता चालवता मी उद्याची भाजी ठरवत होते.
पहाटेचा गजर झोपेतच मारला, डास मारावा तसा.
एक दिवस, मग चार,
मग मोजणं सोडलं.
बूट दारातच.
येता-जाता त्यांच्याकडे न बघणं,
एवढाच काय तो व्यायाम.

सतराव्या दिवशी गेले,
तास सुरू झाल्यावर मागच्या दाराने वर्गात शिरावं तशी.
कारणं तयार होती, क्रमवार.
काकांनी एकही मागितलं नाही.
खिशात हात घातला
आणि माझ्या तळव्यावर चार चिंचोके ठेवले, कोमट.
"आठ का नाही?"
"आठ माझे आहेत," म्हणाले,
आणि पुढे निघून गेले. चांगलेच भरभर.

तीन झाले. चौथ्याला वेळ पुरला नाही,
डबा, लेकीची रिक्षा, पाणी जायची वेळ.

दुपारी मीटिंगमध्ये, पडद्यावर खर्चाचा आलेख,
रुमाल काढताना तो बोटांना लागला.
युनिफॉर्मच्या डाव्या खिशात,
कपडे बदलताना मीच ठेवलेला असणार.
साहेब विचारत होते, तीन नंबर कधी चालू होणार.
उद्या सकाळी, मी म्हणाले,
सुटा भाग स्टोअरला आलाय का, बघून येते.

स्टोअर कंपाउंडच्या पार त्या टोकाला आहे.
एरवी मी फोन करते.